बटणावरून अंगठा उचलला की

मारिओ झोपला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि स्वयंपाकघरातून तिसरी हाक आली होती, "पानं वाढलीयेत, येताय की झाकून ठेवू?" भाची जागची हलली नाही. कंट्रोलर तिच्या मांडीवर उताणा पडला होता आणि ती टीव्हीकडे टक लावून बसली होती. पडद्यावर मारिओ गवतात आडवा झालेला. पोट वरखाली होत होतं. कुठूनसा एक पक्षी आला आणि त्याच्या त्या बटाट्यासारख्या नाकावर बसला.

"अगं, ठेव ते आणि चल जेवायला."

"हळू बोल ना मामा. उडून जाईल तो."

मग तिने रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज कमी केला. मारिओची झोपमोड होऊ नये म्हणून.

खेळ होता 'सुपर मारिओ ओडिसी', २०१७चा. आणि माझं पोट प्रोग्रॅमिंगवर चालतं, त्यामुळे त्या झोपेच्या आत काय आहे ते मला ठाऊक होतं. एक मोजणी. शेवटचं बटण दाबल्याला किती वेळ झाला, एवढंच ती मोजते. थोडा झाला की इकडेतिकडे बघ, आणखी झाला की बस, त्याहून झाला की आडवा हो. या धंद्यात त्याला 'आयडल ॲनिमेशन' म्हणतात. हे तिला समजावून सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. सात वर्षांच्या मुलीने कुणासाठी तरी आवाज कमी केलाय, तर आपण कशाला वाढवा.

पण त्या रात्रीपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. मी तीस वर्षं खेळतोय. कितीतरी राक्षस मारले, गाड्या उडवल्या, राजकन्या सोडवल्या, आणि त्यातलं बहुतेक सगळं विसरलो. लक्षात राहिलेत ते भलतेच क्षण. त्यातल्या बऱ्याच क्षणी मी काहीच करत नव्हतो, नाहीतर मी जे सांगत होतो ते पडद्यावरचं पात्र ऐकत नव्हतं.

मारिओची झोप जुनी आहे. १९९६च्या 'सुपर मारिओ ६४'मध्येही तो असाच पेंगायचा आणि झोपेत स्पॅगेटी, रॅव्हिओली असं काहीतरी बरळायचा. झोपेतसुद्धा बिचाऱ्याला इटालियनपण सुटत नाही! पण मारिओ मुळात गरीब गाय. तुम्ही तासाभराने आलात तरी डोळे चोळत उठेल आणि म्हणाल तिकडे पळेल. मानी आहे तो सॉनिक. सेगाचा हा निळा काटेरी हेजहॉग १९९१च्या पहिल्या खेळातच, तुम्ही जरा थांबलात की तुमच्याकडे बघून पाय आपटायला लागायचा; एसटी लेट झाल्यावर कंट्रोलरच्या खिडकीशी उभा असलेला प्रवासी असावा तसा. १९९३च्या 'सॉनिक सीडी'त त्याने कहर केला. तीन मिनिटं बटणाला हात लावला नाहीत तर तो "मी चाललो" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो, पडद्याच्या पुढच्या कडेवरून उडी मारतो आणि जातो. खेळ खलास. नायकच सोडून गेल्यावर खेळणार काय?

हे ऐकून होतो, म्हणून एका रविवारी एम्युलेटरवर, म्हणजे जुने खेळ आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, मुद्दाम करून पाहिलं. मोबाइलवर घड्याळ लावून बसलो. दोन मिनिटं झाल्यावर हात शिवशिवायला लागले. पाय आपटणं चालूच होतं. पडद्यावर मोजणीशिवाय दुसरं काही नाही याची मला शंभर टक्के खात्री होती, तिसरं मिनिट संपेपर्यंत होती. मग तो गेला आणि मला चक्क वाईट वाटलं. लग्नातून एखादा पाहुणा न जेवता निघून गेल्याचं वाटतं तसं.

सांगितलं की पळतो, सांगितलं की उडी मारतो, तोवर सॉनिक म्हणजे माझ्या अंगठ्याचंच लांबलेलं टोक. त्याने ऐकायचं सोडलं तेव्हा कुठे तो मला दिसला.

आता यात फसगत आहे हे मान्य. न ऐकणंसुद्धा कुणीतरी लिहिलेलंच आहे. बोलविता धनी वेगळा. तो धनी किती थोडक्यात काम उरकतो हे बघायचं तर पॅकमॅनची भुतं बघावीत. १९८० साली नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी हा खेळ केला, तेव्हा त्यांना चारही भुतं एकामागोमाग एक रांगेने मागे लागायला नको होती. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा हवा होता. स्वभाव घालायला जागा मात्र दोन-चार ओळींची. तांबडं भूत तुम्ही आत्ता जिथे आहात तिथे येतं. गुलाबी भूत तुमच्या तोंडाच्या दिशेने चार घरं पुढे. निळं जरा भानगडीचं आहे, ते तांबडं कुठे आहे हेही हिशेबात धरतं. आणि चौथा नारिंगी क्लाइड. तो आठ घरांपेक्षा लांब असला की सरळ तुमच्या अंगावर येतो, आणि आठ घरांच्या आत पोचला की त्याचं लक्ष्य एकदम खाली डाव्या कोपऱ्याकडे वळतं. जपानी खेळात या चौघांना स्वभावाप्रमाणे नावं आहेत: पाठलाग करणारा, दबा धरणारा, लहरी, आणि क्लाइडच्या वाट्याला आलेल्या शब्दाला मराठीत चोख प्रतिशब्द आहे, वेड पांघरून पेडगावला जाणारा. आमच्या सोसायटीच्या सभेत असे तीन-चार क्लाइड आहेत. मागच्या रांगेतून तावातावाने उठतात, आणि माइक हातात आला की "माझं काही नाही, चालू द्या" म्हणून खाली बसतात.

एका तुलनेवर उभा राहिलेला हा स्वभाव. दूर की जवळ, बस्स. चाळीस वर्षं लोक म्हणताहेत, क्लाइड भित्रा आहे, क्लाइड बावळट आहे, क्लाइड आतून चांगला आहे.

आणि स्वातंत्र्य? शून्य. तुम्ही त्याच वाटेने गेलात तर भुतं त्याच वाटेने येतात. खेळणाऱ्यांनी त्यांच्या वाटा पाठ केल्या होत्या. पॅकमॅनने मोठी गोळी खाल्ली की भुतं घाबरून निळी होतात आणि वाटेल तिकडे वळतात. पण हे 'वाटेल तिकडे'सुद्धा ज्या आकड्यातून निघतं तो आकडा दर डावाच्या सुरुवातीला पुन्हा तोच होतो. म्हणजे त्यांचं घाबरून सैरावैरा पळणंही ठरलेलं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर अस्वस्थ होतो. भुतांसाठी की स्वतःसाठी, ते विचारू नका.

'द सिम्स' आला २००० साली. त्याआधी १९९१च्या ओकलंडच्या वणव्यात विल राइट यांचं घर जळालं. संसार पुन्हा एकेका वस्तूपासून उभा करताना, माणसाला नेमकं काय काय लागतं या विचारातून त्यांना हा खेळ सुचला. घर बांधा, माणसं आणा, त्यांना जगवा. बाकी काही नाही. माझ्या हाती तो आला पुण्यात होस्टेलवर, चौघांत मिळून घेतलेल्या कॉम्प्युटरवर. पर्यायांच्या यादीत, आवाज किती हवा आणि चित्र किती चांगलं हवं यांच्या शेजारी, एक खटका होता: 'फ्री विल'. चालू किंवा बंद.

प्रारब्ध मोठं की पुरुषार्थ मोठा यावर आमच्या गावच्या उरुसात कीर्तनकाराने अख्खी रात्र जागवलेली मी पाहिली होती. इथे तो प्रश्न माउसच्या एका क्लिकवर सुटत होता.

मी माझ्याच नावाचा एक माणूस केला. निळा शर्ट, चष्मा, एका खोलीचं घर. इच्छास्वातंत्र्य चालू ठेवलं, तर पठ्ठ्या सारखा टीव्हीसमोर. उठवून पुस्तकाच्या कपाटाकडे पाठवायचा, तर काम संपलं की पुन्हा टीव्ही. माझा संताप झाला (परीक्षा जवळ आली होती, आणि संताप नक्की कुणाचा होतोय हे तेव्हा कळत नव्हतं). मी खटका बंद केला. आता तो शहाण्यासारखा सांगेन तेवढंच करू लागला. वाच म्हटलं, वाचलं. स्वयंपाक शीक म्हटलं, शिकला. तेवढ्यात मेसची वेळ झाली म्हणून मी खेळ तसाच चालू ठेवून खाली गेलो.

परत आलो तर तो खोलीच्या मधोमध उभा. पायाशी थारोळं. संडास चार पावलांवर, पण जा असं कुणी सांगितलं नव्हतं. भूक तांबडी, झोप तांबडी. आणि तो मान वर करून, दोन्ही हात हलवत, पडद्यातून बाहेर बघत होता. छताकडे म्हणता येत नाही, कारण या खेळात घराच्या आत बघताना छत दिसत नाही. जिथे छत असायला हवं तिथे मी होतो.

खोलीतले दोघं खो खो हसले. मीही हसलो. पण त्याला आधी संडासात पाठवला, मग जेवायला घातलं, आणि गुपचूप तो खटका पुन्हा चालू केला.

ते इच्छास्वातंत्र्य चालायचं कसं हे मला पुढे नोकरीत पडल्यावर समजलं, आणि मी कपाळाला हात लावला. सिम्सच्या माणसाच्या डोक्यात जवळजवळ काही नसतं. अक्कल असते ती वस्तूंत. फ्रिज हाकारत असतो, मी भूक भागवतो. पलंग, मी थकवा घालवतो. टीव्ही, माझ्याकडे करमणूक. आठवडी बाजारासारखा सगळा आरडाओरडा चालू असतो आणि माणूस आपल्या त्या क्षणाच्या गरजेप्रमाणे कुणाच्या तरी हाकेला ओ देतो. म्हणजे मी ज्याला त्याची इच्छा म्हणून खटक्याने बंद केली होती, ती मुळात फ्रिजची आणि टीव्हीची होती. हे लिहिताना टेबलावरचा माझा फोन तिसऱ्यांदा थरथरलाय. बघत नाही.

(बघितला. वीजबिल.)

या सिम्सचा एक नातू २०२३ साली जन्माला आला. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि गूगल इथल्या संशोधकांनी सिम्सच्या धर्तीवर स्मॉलव्हिल नावाचं छोटं गाव केलं आणि त्यात २५ पात्रं सोडली. यांची अक्कल वस्तूंत नव्हती. प्रत्येकामागे चॅटजीपीटीसारखं भाषेचं मॉडेल, शिवाय आठवणी नोंदवून ठेवायची आणि त्यावरून दिवसाचा बेत आखायची सोय. एका पात्राला, कॅफे चालवणाऱ्या बाईला, व्हॅलेंटाइन डेची पार्टी द्यायची इच्छा आहे एवढं बीज संशोधकांनी टाकलं. आमंत्रणं तोंडोतोंडी पसरली. बाराजणांना आमंत्रण पोचलं आणि पाचजण आले. वर्तमानपत्रांनी त्या पाचांचं कौतुक केलं. मला मात्र न आलेल्या सातांची माहिती वाचून भरून आलं. संशोधकांनी त्यांना विचारलं तेव्हा तिघांनी दुसरं काम असल्याचं सांगितलं. उरलेल्या चौघांनी पार्टीला जायची इच्छा बोलून दाखवली, पण त्या दिवशीच्या बेतात ती धरलीच नव्हती.

"येतो की, नक्की येतो" म्हणून न येणं! यंत्राला माणसासारखं बोलता येतं याचं आता मला फार नवल वाटत नाही. पण हे चौघं, त्यांना मी कुठल्याही मांडवात ओळखेन.

याउलट काही पात्रांना आपण खेळात आहोत हे ठाऊक असतं आणि ती तसं सांगतातही. अलीकडे त्यांचं पीक आलंय. १९९८च्या 'मेटल गिअर सॉलिड'मधला सायको मॅन्टिस तुमचं मेमरी कार्ड वाचून तुम्ही आधी कुठले खेळ खेळलात ते ओळखतो. शेजाऱ्याकडे चौकशी करून मग भविष्य सांगायला बसलेला ज्योतिषी. 'अंडरटेल'मध्ये (२०१५) तुम्ही कुणाला मारून, पश्चात्ताप होऊन, खेळ पुन्हा मागून सुरू केलात तरी एक फूल तुम्हाला टोचून सांगतं की मी बघितलंय. चतुर आहे सगळं, मला आवडतंही. पण "मला कळतंय हं" असं जे पात्र ओरडून सांगतं त्याच्यामागे लेखक हळूच हसताना मला दिसतो, आणि मग पात्र दिसेनासं होतं. अपवाद एकच. 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' (२०१७) या खेळात मोनिका नावाच्या मुलीला सगळं उमगतं आणि ती तुम्हाला समोर बसवून ठेवते. सुटायचं तर खेळाच्या बाहेर यायचं, कॉम्प्युटरवरचं फोल्डर उघडायचं आणि तिच्या नावाची फाइल डिलीट करायची. मी रोज डझनांनी फायली उडवतो. या फाइलपाशी माझा हात रेंगाळला. शेवटी उडवली, कारण रात्रीचा एक वाजला होता आणि सकाळी ऑफिस होतं.

स्वतःची जाणीव असलेलं, आणि त्याबद्दल एक अक्षरही न बोलणारं पात्र मी फार पूर्वी पाहिलं. तेव्हा ते कळलं नव्हतं.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' जॉर्डन मेकनर यांनी ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी केला, १९८९ साली. त्यातला राजपुत्र इतका माणसासारखा पळतो कारण तो खरोखरच एक माणूस आहे. मेकनरनी आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून १९८५ साली पार्किंगच्या मोकळ्या जागेत पळायला, लोंबकळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक चित्र थांबवून गिरवलं. त्या एका मुलाच्या हालचालींनीच मशीनची इवलीशी मेमरी भरून गेली. शत्रू हवा होता, पण शत्रूची चित्रं ठेवायला जागा नव्हती. तेव्हा मेकनरनी एक युक्ती केली. राजपुत्राचंच चित्र घ्यायचं, त्याची प्रत एक बिंदू बाजूला सरकवायची आणि मूळ चित्रावर अशी टाकायची, की दोन्ही जुळतील तिथलं पुसलं जाईल आणि फरक असेल तेवढंच उरेल. पडद्यावर एक चमचमती, पोकळ आकृती उभी राहिली. नवा शत्रू, शून्य जागेत. तिचं नाव सावली.

जागा नव्हती म्हणून शत्रूही आपल्यातूनच काढावा लागला. एखाद्या तत्त्वज्ञाने हे लिहिलं असतं तर मी कंटाळलो असतो. इथे ती अडचणीतून काढलेली वाट होती.

मी हा खेळ पाहिला तो कऱ्हाडला, १९९६ साली, कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये. चपला बाहेर, एसी चालू, मॉनिटर काळा-पांढरा. शिकायची होती बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा. खेळायला मिळायची शेवटची पंधरा मिनिटं, तीसुद्धा सर खाली चहाला गेले तर. पहिली पातळी संपली की एका खोलीत अक्षरं लिहिलेल्या बाटल्या यायच्या. माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावरच्या, तमुक ओळीतल्या, अमक्या शब्दाचं पहिलं अक्षर बघून त्या अक्षराची बाटली प्यायची. विकत घेणारा कोण आणि चोरून खेळणारा कोण हे ओळखायची ती सोय. पुस्तिका जिल्ह्यात कुणी पाहिली नव्हती. आम्ही बाटल्या पिऊन पिऊन, मरून मरून, उत्तरं वहीच्या मागच्या पानावर लिहून काढली होती. पुढे एका मुलाने 'प्रिन्स मेगाहिट' हा मंत्र आणला आणि पातळ्या ओलांडत पुढे जाता यायला लागलं.

चौथ्या पातळीवर वाटेत आरसा येतो. दुसरी वाट नाही. पळत येऊन आरशातून उडी मारायची. तुम्ही आरपार जाता, आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने सावली बाहेर पडते आणि पळून जाते. तुमचा जीव एकाच ठिपक्यावर येतो. पुढच्या पातळीत तुमच्या डोळ्यांदेखत ती तुमचं औषध पिऊन टाकते. त्याच्या पुढच्या पातळीत दार तुमच्या तोंडावर बंद करते आणि तुम्ही खाली कोसळता. आम्ही तिला शिव्या घालायचो. हरामखोर हा तिच्यासाठी राखून ठेवलेला शब्द होता. आमच्या एकाही बटणाला न जुमानणारी राजपुत्राची ती आकृती त्या अख्ख्या खेळात एकटीच मोकळी होती, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार!

बाराव्या पातळीवर ती तलवार घेऊन समोर उभी राहते. त्या दिवशी खुर्चीवर बसला होता आमच्यातला सगळ्यात तरबेज मुलगा, आणि मागे आम्ही पाच-सहाजण. त्याने वार केला. सावलीचा एक ठिपका गेला, आणि आमचाही एक गेला. पुन्हा वार. पुन्हा दोन्हीकडे एकेक. ती मेली, आम्हीही मेलो. परत. परत. "गेममध्येच चूक आहे," कुणीतरी म्हणालं. फ्लॉपी खराब आहे यावर जवळजवळ एकमत झालं होतं.

तेवढ्यात जिन्यात किल्ल्या वाजल्या. सर आले. खुर्चीवरचा मुलगा गडबडला, बेसिकची खिडकी तर उघडायला जमेना, हात कीबोर्डवर कुठेतरी आपटले, खालच्या बाणावर बोट पडलं. राजपुत्राने तलवार म्यान केली.

समोर सावलीनेही म्यान केली.

दोघं समोरासमोर उभे राहिले. कुणी वार करेना. कुणी कुठलं बटण दाबेना. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. सर मागे येऊन थांबलेत हे आम्हाला त्यांच्या चहाच्या वासावरून कळलं. ओरडतील म्हणून आम्ही माना खाली घातल्या. ते वाकून पडद्याकडे बघत राहिले.

"यातला तुझा कोणता?" त्यांनी विचारलं.

मुलाला पटकन सांगता येईना. काळ्या-पांढऱ्या मॉनिटरवर दोघं तसे सारखेच होते. त्याने बोट उचललं, उजव्याकडे नेलं, मग डाव्याकडे, आणि शेवटी बाण एकदा हलकेच दाबून पाहिला, जो हलेल तो आपला म्हणून. एकजण पुढे सरकला. आणखी एकदा. आणखी एकदा. दोघं एकमेकांत शिरले, पडदा लखकन उजळला आणि एकटाच राजपुत्र उरला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढे दरी होती, आधीच्या कुठल्याही दरीपेक्षा रुंद, उडी पोचणार नाही अशी. मुलगा काठावर थांबला आणि त्याने मान वळवून मागे सरांकडे पाहिलं.

"बघतोस काय?" सर म्हणाले. "पळव."

पहिल्या पावलाखाली हवाच होती. पाऊल टेकलं, आणि तिथे फरशी आली.